प्रशासकाच्या ताब्यातली शाखा

पिरंगुटच्या बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची शाखा होती. विमा कंपनी खाजगी. मी मूळची लातूरकडची. लग्नानंतर बावधनला आले आणि इथे दाव्यांच्या टेबलावर नोकरीला लागले. पॉलिसी असलेलं माणूस गेलं की घरचे कागद घेऊन येत. ते तपासून मुख्यालयाला पाठवायचे, एवढं माझं काम.

कंपनीचं काही खरं नाही हे आम्हाला बरेच दिवस जाणवत होतं. सरकारच्या विमा नियामकाने ती ताब्यात घ्यायचं ठरवलं होतं, मालकांनी न्यायालयातून स्थगिती आणली होती. आम्ही रोज हजेरीचं पंच करून कामाला लागत होतो. एका सोमवारी सकाळी चहा यायच्या आतच एक बाई दोन माणसांना घेऊन जिना चढून आल्या. स्थगिती उठली होती. न्यायालयाच्या आदेशाने कंपनी प्रशासकाकडे गेली होती आणि या बाई प्रशासकांच्या अधिकारी होत्या.

"सगळ्यांनी कॉम्प्युटरपासून जरा बाजूला व्हा," त्या शांतपणे म्हणाल्या.

आमच्या शाखाधिकाऱ्यांनी मुख्यालयाला फोन लावला. कुणी उचलला नाही.

"मॅडम, आम्हाला अटक वगैरे..."

"अहो, मी पोलीस नाही. तुम्ही रोजचं काम करा. नवीन पॉलिसी विकायची नाही आणि पैशांच्या कागदावर तुमची सही चालणार नाही. आणि मला तुमची केबिन लागेल."

साहेब पाण्याची बाटली आणि जेवणाचा डबा घेऊन बाहेर आले. रिकामी खुर्ची माझ्या शेजारीच होती, तिच्यावर बसले. इतक्या दिवसांत मी त्यांना काचेच्या या बाजूला फारसं पाहिलं नव्हतं. डबा कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. मी फाइली सरकवून जागा केली.

दुपारपर्यंत कंपनीला कुलूप लागल्याची बातमी बाजारभर झाली. जिन्यावर गर्दी झाली. "पैसे बुडाले का, तेवढंच सांगा," असं जो तो विचारत होता आणि मी "बुडाले नाहीत, थांबावं लागेल" हे सांगून सांगून थकले होते. त्या गर्दीत पौडच्या पुढच्या गावातल्या एक ताई होत्या. त्यांचा नवरा कारखान्याचा पत्रा बदलताना वरून पडून गेला होता. दर सोमवारी त्या एसटीने येत, केबिनमध्ये जात आणि पुढच्या सोमवारचा वायदा घेऊन परत जात. त्यांच्या कागदांत काही कमी नव्हतं. मीच ते तपासले होते.

साहेबांना बाहेर बसलेलं पाहून त्या थबकल्या.

"सायेब, तुमी हितं? आन माझं काय झालं?"

साहेब उभे राहिले. मला वाटलं, आता केबिनमधल्या बाईंकडे बोट दाखवून मोकळे होतील.

"ताई, तुमच्या कागदांत कधीच काही कमी नव्हतं," ते म्हणाले. "मृत्यूचे दावे थांबवून ठेवा, असं मला वरून सांगितलं होतं. मी तुम्हाला खोटं सांगत आलो."

ताईंनी कागदांची पिशवी टेबलावर ठेवली.

"मजुरी बुडवून यायची मी," त्या म्हणाल्या. "तवाच सांगायचं व्हतं. घरी तरी बसले असते."

केबिनचं दार उघडंच होतं. बाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी साहेबांना आत बोलावलं आणि जे बोललात ते लिहून द्याल का, असं विचारलं. साहेबांनी तिथेच बसून लिहून दिलं. बाहेर आल्यावर त्यांनी डबा उघडला, पण एका चपातीच्या वर त्यांना खाववलं नाही.

त्या जबाबामुळे आमच्या शाखेतले अडवलेले दावे वेगळे काढून आधी तपासायला घेतले गेले. पुढे सगळ्या पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे सोपवल्या गेल्या. आम्हा बहुतेकांना त्या कंपनीने घेतलं. साहेबांना घेतलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

ताईंचा दावा पावसाळा संपता संपता मंजूर झाला. शेवटची सही करायला त्या आल्या तेव्हा शाखेत आवराआवर चालली होती, खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. सही झाल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"ते सायेब दिसत न्हाईत?"

"त्यांची नोकरी गेली, ताई."

"माझ्यापायी?"

"तसं नाही म्हणता येणार," मी म्हणाले. मला ठाऊक नव्हतं. "तुमचं काम झालं, हे सांगायला त्यांना फोन करू का?"

त्यांनी पदर सारखा केला.

"करा. पन मी इचारलं, असं नका सांगू."

त्या गेल्यावर मी फोन लावला. साहेब हल्ली एका गाड्यांच्या शोरूममध्ये बसत होते. मागे हॉर्नचे आवाज येत होते. ताईंचं काम झाल्याचं मी सांगितलं.

"त्या काही म्हणाल्या का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "सही केली आणि गेल्या."