तेलाच्या पंपातून आगळ

मसुऱ्याच्या गुरुदास फिटरला देव एकच ठाऊक, पंप. कुडाळच्या तेलाच्या कारखान्यात बावीस वर्षं त्यानं पंपच उघडले नि मिटले. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्यांनी खुर्च्या नेल्या, पंखे नेले. हा शहाणा बिडाचा एक पंप टेम्पोत घालून घरी आला. बायकोनं, सावित्रीनं, तो पडवीच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवला.

सावित्रीचं काम आगळाचं, कोकमाच्या खारवलेल्या रसाचं. तिच्या आगळाची बाटली उन्हात धरली की भिंतीवर तांबडा कवडसा पडायचा. पण आगळ काय आपोआप होतं? फोडलेले रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं, पिंपात मीठ घालून ठेवायचे, सुटलेला रस रोज खालून उपसायचा नि वरून पुन्हा ओतायचा, आठ-दहा दिवस. तीस वर्षं ओतून तिचा उजवा खांदा गेला. डॉक्टर म्हणाला, वजन उचलायचं नाही. यंदाची सहा पिंपं तर भरून झाली होती.

"मगे आगळ बंद," सावित्री म्हणाली. "माका दुसरा काय येता?" आणि भिंतीकडे तोंड करून निजली. दोन दिवस घरात कोणी धड जेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी गुरुदासनं पंप बाहेर काढला. सोड्याच्या कढत पाण्यानं तीनदा धुतला, नळी जोडली.

"लोखंडाक आंबट लावतत खंय?" सावित्री उठून बसली. "बिडाच्या भिड्यार कधी आंबट सोलां घातलंय मी?"

"ह्या घावण्यांचा भिडा न्हय गो, कारखान्याचो पंप आसा. तेका काय कळता, तेल काय नि आगळ काय!"

आता चुलीपाशी बायका जे शिकतात, ते फिटरला कोण शिकवणार?

बटण दाबलं. एकेक करून सहाही पिंपांत रस खालून वर चढला. सावित्री खुर्चीत बसून बघत राहिली. काम चाललंय नि ती बसलीय, असं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं असेल.

"बरो आसा तुमचो पंप," ती हळूच म्हणाली. तेवढ्यावर गुरुदास तीन दिवस तरंगला.

चौथ्या दिवशी रस जांभळा दिसला. पाचव्या दिवशी काळा. शेजारचे दाजी पिंपात डोकावले. "गुरुदासा, आगळ करतंस की शाई?"

गुरुदासनं चमचाभर तोंडात घातलं. खिळा चोखल्यासारखी चव. तेलात बावीस वर्षं सुखानं फिरलेलं लोखंड मिठानं नि आंबटानं पाच दिवसांत खाल्लं होतं, ते सगळं रसात उतरलं होतं. झाडावर रातांबे उरले नव्हते.

"पुढल्या वर्षी स्टीलचो आणूया," तो म्हणाला.

सावित्रीनं उजवा खांदा चोळला. पुढल्या वर्षी रातांबे फोडायला तिचा हात वर तरी येणार होता का?

ते काळं पाणी फेकायचं कुठं? पोफळीच्या मुळात ओतावं तर मिठानं पोफळी जातील. खाडीवर न्यायचं ठरलं. उपसायला पंप लावला, तर घूं करून जागीच बसला. आतून गंजून जाम. शेवटी गुरुदासनं कळशी घेतली.

चौथ्या खेपेला वळून बघतो, तर मागून सावित्री येतेय, डाव्या हातात भरलेला तांब्या.

"ठेव गो ता!"

"माजा आगळ आसा. मीच ओततलंय."

तिनं ओतलं. पाण्यावर काळा डाग पसरला, ओहोटीनं ओढून नेला. मग ती रिकामा तांब्या घेऊन परत निघाली. अजून साडेपाच पिंपं भरलेली होती.