टाकीतला नारळ

हे मी आजवर कुणाजवळही बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. सांगून मोकळं वाटेल अशीही काही आशा नाही. नुसतं सांगतो.

जयपूरला विद्याधर नगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या भिंतीला लागून, माझी खाऱ्या पाण्याची टाकी होती. मासे नावालाच. टाकी होती ती कोरलसाठी. कोरल म्हणजे प्रवाळ; दिसतं झाडासारखं, पण तो प्राणी. आत दगडी सांगाडा, वर पातळ जिवंत कातडी. वाळवंटाच्या दाराशी मी समुद्र सांभाळतो याचा मला भारी माज होता. ऑफिसातले मराठी लोक रविवारी टाकी बघायला यायचे आणि मी त्यांना चहाबरोबर प्रवचन द्यायचो. नवीन कोरल आणलं की आधी आयोडीनच्या पाण्यात बुडवून काढायचं, मग काही आठवडे वेगळ्या टबात ठेवायचं. आजार असला तर तो टबातच कळतो. हे मी इतक्या वेळा बोललो होतो की मानसीला, माझ्या बायकोला, आणि आमच्या लेकीला, इरालाही ते पाठ झालं होतं.

आणि त्या पावसाळ्यात मीच ते केलं नाही. कुरिअरने कोरलची एक सुंदर हिरवी फांदी आली, दुसऱ्या दिवशी लोक यायचे होते — मी ती सरळ टाकीत ठेवली. वाहवा झाली. चार-पाच दिवसांनी तिच्या बुडाशी शेंबडासारखा तपकिरी थर दिसला. मी बघता क्षणी ओळखलं. ती फांदी काढून वर्तमानपत्रात गुंडाळली आणि ऑफिसला जाताना सोसायटीच्या कचऱ्यात टाकली. पण शेजारच्या दोन कोरलना तोवर लागण झाली होती. कातडी सुटत होती, खालून पांढरं दिसायला लागलं होतं.

इथवर निष्काळजीपणा म्हणता येईल. पण तेवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

आई तेव्हा आमच्याकडे होती. बाबा गेल्यावर मी तिला रत्नागिरीकडच्या गावाहून आणलं होतं. आमच्या गावच्या घराच्या परसातून खाली उतरलं की समुद्र. जयपुरात तिचं मन कशात लागणार? भाजीवाल्या भैयाशी बोलायला हिंदी नाही, आणि नातीचं मराठी निम्मं हिंदी. ती दुपारभर टाकीसमोर स्टूल घेऊन बसायची. कोरलना ‘तुझी फुलं’ म्हणायची. मला ते आवडायचं. खरंच आवडायचं.

नारळी पौर्णिमा आली. आमच्याकडे त्या दिवशी समुद्राला नारळ देतात. आईने जन्मभर दिला होता. मी ऑफिसात असताना तिने नारळ स्वच्छ धुतला, टाकीच्या काचेला बाहेरून कुंकवाचं बोट लावलं, नारळ पाण्याला जेमतेम टेकवला, नमस्कार केला. त्याच नारळाचा नारळीभात केला. संध्याकाळी मला तिनेच सगळं हौसेने सांगितलं. “समुद्राचंच पाणी ना रे हे? मग म्हटलं, यंदा इथेच देऊ.” मी हसलो, भात दोनदा वाढून घेतला. त्या नारळाने काही बिघडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दोन दिवसांत ती दोन्ही कोरल पांढरीफटक पडली. मानसीने विचारलं, हे काय झालं? साधा प्रश्न. आई तिथेच गवार निवडत बसली होती. मी म्हणालो — शांतपणे म्हणालो, आवाज चढवला असता तर बरं झालं असतं — “पाण्यात बाहेरचं काही गेलं की असंच होतं. हाताचं तेल, कुंकू. नारळ.”

का म्हणालो? माझा नियम मीच मोडला, एवढं कबूल करायचं नव्हतं. इतकंच कारण. दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

इराने आजीकडे बघितलं. “आजी, मतलब तू मारलंस त्यांना?”

आई उठून बेसिनपाशी गेली आणि बराच वेळ हात धूत राहिली. मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. मग काहीच वाटेनासं झालं, आणि ते तसंच राहिलंय.

याहून वाईट पुढे आहे. बाकीची कोरल तेव्हा वाचवता आली असती. रोगट भाग कापायचा, चांगले तुकडे आयोडीनच्या पाण्यातून काढायचे. बाटली सिंकखालीच होती. पण ती बाटली आजारासाठी असते हे घरात सगळ्यांना माहीत होतं, माझ्याच कृपेने. ती काढली असती तर मानसीने लगेच ओळखलं असतं. म्हणून मी ती काढली नाही. एकेक कोरल पांढरं होताना बघत राहिलो. आई रोज सकाळी हॉलच्या दारातूनच विचारायची, “आज कशी आहेत रे?” आत यायची नाही. मी सांगायचो, आणखी एक गेलं.

दिवाळीपर्यंत राहणार होती, गणपतीलाच गावी निघून गेली. स्टेशनवर म्हणाली, “चुकलं हो माझं. मला कळलं नाही.” मी तिची बॅग बर्थखाली सरकवली आणि म्हटलं, जाऊ दे आता.

टाकी मी नंतर जयपुरातच, सोडाला भागातल्या एकाला देऊन टाकली.

यंदा नारळी पौर्णिमेच्या संध्याकाळी आईला फोन केला. किनाऱ्यावर गेली होतीस का, विचारलं. नाही म्हणाली. जयपूरहून परतल्यापासून ती गेलेलीच नाही; नारळ शेजारणीच्या सुनेबरोबर पाठवते. का, ते मी विचारलं नाही, पण तिनेच सांगितलं — “माझा हात नको रे पाण्याला लागायला. एवढी माणसं होडीतून जातात.”

मी ‘बरं’ म्हटलं. मग विचारलं, जेवलीस का.