सितारामनं एकदाच शब्द मागं घेतला

ज्ञानू, लिही. मी बोलते तसंच लिही, सुधारत बसू नको.

सिताराम लेखक आमच्या तुर्भ्याच्या गल्लीत पंधरा वर्सं राहिला. साताऱ्याकडचाच, पन मागं-पुढं कुनी न्हाई. आदी एका छापखान्यात चुका काढायचा. छापखाना बंद पडला, तवापासून कुनाचा नोकर न्हाई. आज ह्या पेपरात, उद्या त्या पेपरात. तुजा आज्जा बाबासो भाजी मार्केटात माथाडी. त्येला म्हनायचा, "बाबासो, तुमच्याकडं निदान बिल्ला तरी हाय. मी नाक्यावरचा मजूर."

सकाळी माज्या चहाच्या टपरीवर बसायचा. ट्रकवाले, हमाल, बेलापूरच्या हापिसात हेलपाटं घालून दमलेली मानसं, समद्यांचं ऐकायचा नि मंग लिहायचा. निवडनूक आली की त्येच्या दारात गर्दी. एकाच आठवड्यात दोन्ही पार्ट्यांची भाषनं ह्येनंच लिहिलेली. मी म्हनलं, "लाज न्हाई वाटत व्हय रं?"

"आक्का, तुमी बी दोघांना चहा देता न्हवं? साखर येगळी घालता का?"

पन स्वताच्या नावानं लिहायचा ते मातुर खरं. त्यातला शब्द त्येनं कुनासाठी मागं घेतला न्हाई. एकदा मार खाल्ला, तरी न्हाई.

नावानं छापायला धाडायच्या आदी मला वाचून दाखवायचा. मला अक्षर येत न्हाई म्हनूनच. "आक्काला कळलं न्हाई तर माझं चुकलं," म्हनायचा. मी सांगायची, ही बाई लईच रडतीया, खरी बाई येवढी रडत न्हाई. तो लगीच काट मारायचा.

आता इसाकचं सांगते. शेजारच्या शमसुन्निसाचा नवरा. रायगडातलं, खाडीकाठचं मानूस. तळोज्याला एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडं कामाला. तितं पायप फुटला नि वाफ नरड्यात गेली. जीव वाचला, आवाज गेला. ठेकेदार घरी आला. म्हनला, "तुमच्या पोराला, आमीरला, कामाला घेतो. पन झाल्या गोष्टीचा बोभाटा नको." खानारी पाच तोंडं. शमसुन्निसानं व्हय म्हनून मान हालवली. पोरगं कामाला लागलं.

इसाक पाटीवर लिहून बोलायचा. मला कुटं वाचता येतंय? मंग माज्यासाठी चित्रं काढायचा. चहा पायजे तर कप. घाई असली तर कपाला पळते पाय. आमी दोगं हसायचो. त्येचं हसू नुसता वारा.

ह्ये समदं सितारामला मीच सांगितलं. माज्या तोंडाला झाकन न्हाई. त्येनं लिहिलं. मानसाचं नाव न्हाई, कंपनीचं न्हाई. वाचून दाखवलं. आनि मी काय म्हनावं? म्हनलं, "पाटी कुटाय? कप कुटाय? माजं कायच न्हाई त्यात?"

"आक्का, त्यानं वळखू येईल. मुद्दाम गाळलंय."

"तुजा पेपर वाचतंय तरी कोन? जन्माला आले तवापासून माजं कशात बी काय आलं न्हाई बाबा. येक कप घालायला काय जातंय तुजं?"

त्येनं पेन काढलं. पाटी घातली, कप बी घातला.

छापून आलं, नि चौथ्या दिवशी आमीरला गेटवरच आडवलं. "बाप चित्रकार झाला म्हने तुजा. बस आता त्याच्यापाशी."

शमसुन्निसा सितारामच्या दारात गेली. गल्ली गोळा झाली. "तुजं पेन मोडो, मेल्या! घरवाल्याचा गळा गेला तो गेला, आता माज्या पोराच्या पोटावर पाय दिलास!" सिताराम मान खाली घालून हुबा. माज्याकडं येक बोट केलं असतं तर सुटला असता. त्येनं बघितलं बी न्हाई. मी तितंच, पदरानं हात पुसत. येवढी बोलनारी मी, गप.

दुसऱ्या दिवशी सिताराम माजी नगरसेवक विश्वजितकडं गेला. ठेकेदार त्येच्याच पंगतीतला. तुजा आज्जा संगं व्हता. विश्वजित म्हनला, "भाऊ, पोराला घेतील की. तुमी फकस्त लिहा, ते मनानं रचलेलं व्हतं. त्याच पेपरात, तुमच्या नावानं."

"दुसरं काय बी मागा, दादा. पाच वर्सं भाषनं फुकट लिहितो."

"भाषनं लिहिनारे ढिगानं मिळत्यात," विश्वजित म्हनला. "तुमच्या नावाला लोक खरं मानत्यात, त्येच पायजे."

सितारामनं लिहून दिलं. चारच वळी. असा कामगार न्हाई, अशी दुर्घटना घडली न्हाई, माफी असावी. आठवड्यात आमीर कामावर गेला. त्याच कंपनीत, बापाच्याच जाग्यावर.

पाच म्हैन्यांनी इसाक गेला. शमसुन्निसा भरपाई मागायला कंपनीत गेली, तर सायबानं तोच कागद काढून म्होरं ठेवला. "घडलंच नाही बाई. तुमच्याच शेजाऱ्यानं लिहून दिलंय."

त्या दिसापासून सितारामनं स्वताच्या नावानं काय लिहिलं न्हाई. वाढदिवसाच्या बॅनरचा मजकूर लिहायचा, बस. गल्लीत कुनी बोलंना. गेल्या साली खोलीतच गेला. शमसुन्निसानं आमीरला खांदा द्यायला जाऊ दिलं न्हाई. मेल्यावर बी शिव्या देत ऱ्हायली. आनि मी तिच्या उंबऱ्यावर बसून हं, हं करत ऱ्हायले.

काल न्हाई राहवलं. गेले. ती तांदूळ निवडत व्हती. म्हनलं, "शमसू, कप मी घालायला लावला. त्येनं गाळला व्हता."

तिनं मान वर केली न्हाई. "मला त्याच दिवशी कळलं, आक्का. त्येला कपाचं दुसरं कोन सांगनार?"

"मंग येवढी वर्सं त्येलाच का शिव्या दिल्यास?"

"तुमाला दिल्या असत्या तर आजारीपनात पेज कुनी आनून दिली असती? लेकीच्या बाळंतपनाला कुनाला हाक मारली असती? तो येकटा व्हता. त्येला द्यायला सोपं गेलं."

उठाया लागले तर म्हनली, "बसा. आमीर यायचाय अजून."

त्येची पाळी सुटून तास झाला व्हता. आमी दोगी दाराकडं बघत बसलो.