गुमताऱ्यावरचं लाल सूत

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते, ते त्यातली चूक शोधण्यासाठी. अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आज तो बसला आहे असंही मी म्हणणार नाही. फक्त माझ्या स्वतःच्या अनुभवातली चूक मला अजून सापडलेली नाही... वाचकांपैकी कुणाला सापडली तर मी आभारी राहीन.

गोष्ट तीन-चार वर्षांपूर्वीची, थंडीतली. मी भिवंडीची, तेव्हा एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला होते. सोबत दोघे. एक नीलम, शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या वडिलांचे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, धामणकर नाक्याच्या मागे आहेत आणि तीही लहानपणापासून त्यांवर काम करत आली आहे. दुसरा माझ्या वर्गातला महेश, जवळच्याच गावचा आगरी, सतत बडबडणारा. रविवारी गुमतारा किल्ल्यावर चढायचं, वर जेवायचं आणि उजेडात परतायचं, एवढाच बेत होता. नीलमला लहानपणापासून डायबिटीस आहे. इन्शुलिन घेतल्यावर वेळेवर खाणं मिळालं नाही, तर तिची साखर जिवावर बेतेल इतकी उतरू शकते. म्हणून तिच्या आईने तिला माझ्या भरवशावर सोडलं होतं.

वाड्याच्या एसटीने आम्ही दुगाड फाट्याला उतरलो. तिथल्या रानात ढोरवाटा इतक्या, की माणसं हमखास चुकतात. त्यावर माझा उपाय तयार होता. नीलमने घरून लाल सुताचा एक कोन, म्हणजे पुठ्ठ्याच्या शंकूवर गुंडाळलेलं सूत, आणला होता. एका कोनावर कित्येक किलोमीटर सूत असतं. टोक पायथ्याशी बांधायचं, चढताना सूत सोडत जायचं आणि उतरताना त्याच्याच मागे यायचं.

"एमएस्सी करून शेवटी मॅडम पतंग उडवणार," महेश म्हणाला.

बांधायला मी एक भक्कम उंबर निवडला. त्याच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड होता, फांद्यांना नवसाची फडकी होती. लाकडाची मोळी घेऊन चाललेली एक बाई आम्हाला पाहून थांबली.

"हितं नको बांधू बाय. बांधलं त सोडाया यावं लागतं."

संध्याकाळी येणारच आहोत, असं मी तिला सांगितलं. ती मोळी सावरून निघून गेली.

चढण मजेत झाली. सूत एकदाही तुटलं नाही. वर पाण्याच्या टाक्याशी आम्ही कोन एका दगडाखाली दाबून ठेवला. महेशच्या आईने दिलेली तांदळाची भाकरी आणि सुका जवळा खाल्ला, संत्री सोलली, वज्रेश्वरीकडचा मुलूख पाहिला आणि सुतामागे उतरू लागलो.

बराच वेळ उतरल्यावर कारवीच्या झुडपांतून बाहेर पडलो, तर समोर तेच टाकं. दगडाखालचा कोन. आमच्या संत्र्यांच्या साली.

महेश हसला. मॅडमचा प्रयोग यशस्वी झाला, म्हणाला. आम्हीही हसलो. दुसऱ्या वेळी मी पुढे झाले आणि सूत बोटांतून क्षणभरही सुटू दिलं नाही. वाट सतत उताराची होती. माझे गुडघे तशी साक्ष देत होते. तरीही कारवी संपली तिथे टाकं आणि साली... कोनावरून निघालेलं सूत फिरून त्याच कोनावर येत होतं.

या वेळी कुणी हसलं नाही. मग आम्ही सूत सोडून सरळ मावळतीच्या दिशेने उतरलो. थोड्याच अंतरावर कमरेच्या उंचीवर लाल सूत आडवं ताणलेलं. दिशा बदलली, तरी तेच. आपण डोंगरावर नसून एखाद्या लूमच्या आत आहोत, असं मला वाटू लागलं.

नीलम खाली बसली. त्या थंडीतही तिचा कुर्ता घामाने भिजला होता, हात थरथरत होते. शेवटचं बिस्कीट आणि ग्लुकोजची गोळी मघाशीच संपली होती. तिने मला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारली, तेव्हा तिची साखर उतरली आहे हे मला कळलं.

"ती बाय बोलली होती ना," महेश प्रथमच हळू आवाजात म्हणाला. "सोडाया लागंल."

"सोडायला खाली जावं लागेल. आणि खालीच जाता येत नाहीये."

नीलमने डोळे मिटूनच म्हटलं, "मग तोड गं."

त्या सुताखेरीज आमच्याकडे वाटेची दुसरी खूण नव्हती. ते हाताने तुटेना, म्हणून मी दातांनी तोडलं. खालच्या बाजूचं टोक सरकन मागे गेलं. ताण होता, तेव्हा ते जाणारच, इतपत भौतिकशास्त्र मला कळतं. पण ते थांबलं नाही. गवतातून माणसाच्या चालीने खाली सरकत राहिलं. महेशने नीलमला पाठुंगळी घेतलं आणि आम्ही त्या टोकामागे निघालो. महेश दम खायला थांबला, तेव्हा तेही थांबलं.

उन्हं असतानाच उंबर दिसला. मागे न बघता आम्ही फाटा गाठला. चहाच्या टपरीवर नीलमच्या तोंडात साखरपाणी घातलं. पुढचा आठवडाभर ती दवाखान्यात होती.

पुढच्या रविवारी महेश आणि मी पुन्हा गेलो. उंबरापासून सूत सरळ वर गेलं होतं, थेट टाक्यापर्यंत, दगडाखालच्या कोनापर्यंत. अखंड. फक्त वाटेत, मी तोडलं होतं त्याच जागी, एक गाठ होती. सुताची तार तुटल्यावर लूमवाले मारतात तशी बारीक, चपटी गाठ. महेशला किंवा मला ती मारता येत नाही. मी तेवढा तुकडा कापून घेतला आणि खाली येऊन उंबराला बांधलेलं टोक हाताने सोडलं.

ढोरवाटा गोल फिरतात, दाट रानात चढ-उताराचा भ्रम होतो, कुणी खोडसाळाने सूत पुन्हा ताणून जोडलं असेल... यातलं प्रत्येक स्पष्टीकरण एकेका गोष्टीला पुरतं. सगळ्या गोष्टींना पुरेल असं मला मिळालेलं नाही.

तो तुकडा मी दवाखान्यात नीलमला दाखवला. ती खिडकीच्या उजेडात तो बराच वेळ निरखत होती. नीलम डावखुरी आहे. तिची गाठ उलट्या बाजूने पडते, आणि त्यावरून तिचे वडील तिला नेहमी चिडवतात.

"ही माझी आहे," ती म्हणाली. मग माझा हात धरून तिने विचारलं, "मग वर गाठ मारत कोण बसलं होतं? त्या दिवशी मी खाली आले ना गं?"

मी हो म्हणाले. आजही फोन ठेवताना ती मधूनच हे विचारते, आणि मी हो म्हणते. पुरावा नसताना मी देत आलेलं ते एकच उत्तर आहे.