योगेश्वरीच्या ओसरीवरची चार पानं

देवरीच्या अलीकडच्या एका गावात, योगेश्वरीच्या ओसरीवर रोज संध्याकाळी गावातली पोरं जमायची. बी.ए. झालेली ही सून त्यांचा अभ्यास घ्यायची आणि शेवटी बाबासाहेबांच्या चरित्राची चार पानं आळीपाळीने वाचायला लावायची. त्या चार पानांसाठी पोरं गणितं कशी भराभर उरकत!

सासऱ्यांना, बिसनलालना, ते पटत नव्हतं.

"हे परीक्षेत येते का, सूनबाई? मंग कायले वाचून राहिली?"

"मामाजी, परीक्षेतलं पोरं विसरून जातात. हे वाचलं की प्रश्न विचारतात जी."

"प्रश्न विचारणारी पोरगी सासरी टिकत नाई."

"मी टिकली न?"

बिसनलाल खाकरले. "धानाची रोवणी होऊ दे. मंग पाहू, ठेवाचं का बंद कराचं."

ओसरी त्यांची, शब्दही त्यांचाच.

त्या संध्याकाळी वाचायची पाळी तिच्या लेकीची, रुचिकाची होती. शाळेत तहानलेल्या लहानग्या भीमाला भांड्याला शिवायची मुभा नव्हती. कुणी वरून ओतलं तरच पाणी. वाचता वाचता रुचिका थांबली.

"आई, आपल्या बांधीत रुख्माआजीले आपण असंच देतो न?"

शेतात रोवणीला येणाऱ्या रुख्माच्या ओंजळीत योगेश्वरी लग्न झाल्यापासून वरूनच पाणी ओतत आली होती. घरची रीत! इतक्यांदा हेच पान वाचलं, पण तिला ते कधी दिसलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाणी घेऊन रुचिकाच धावली. चिखलातून बाया शेताच्या धुऱ्यावर आल्या. रुख्माने सवयीने ओंजळ पुढे केली आणि रुचिकाने भरला लोटा तिच्या हातात ठेवला. योगेश्वरीने वर पाहिलं. समोर बिसनलाल उभे! आता वाचन संपलंच.

"काऊन वो, हे काय करून राहिली?"

"लोटा देऊन राहिली, आबाजी."

रुख्माने लोटा तोंडाला लावून घटाघटा रिकामा केला.

"बेस झालं, मालक! आजवर अर्धं पाणी कोपरावरूनच गेलं."

बाया खदखदून हसल्या. बिसनलाल त्या लोट्याला न शिवता, तहानलेलेच घरी निघून गेले.

संध्याकाळी ते ओसरीवर येऊन खांबाला टेकून बसले. योगेश्वरीने पुस्तक उघडून दिलं. पोरं वाचत होती, म्हातारा ऐकत होता. चार पानं झाली, रुचिकाने पुस्तक मिटलं.

"काऊन मिटलं?" बिसनलाल गुरकावले.

"चार पानं झाली, आबाजी. बाकीचं उद्या."

"उद्या कायले? त्या पोराचं पुढे काय झालं, ते सांग न! सूनबाई, लाइट लाव."

योगेश्वरी जवळजवळ धावतच बटणाकडे गेली.