कुणी न्हाई गेलं गं!

रविवारी सांगलीत आमच्या हॉलमध्ये बसून नात मला तिचा अभ्यास समजावत होती. ज्यांना कामापायी रोज दुसऱ्याचं दुःख अंगावर घ्यावं लागतं, अशा माणसांना भेटून ती त्यांचे अनुभव गोळा करते. मी आपली शेंगा सोलत ‘हं हं’ करत होते...

मग तिनं एका आयसीयूतल्या सिस्टरचं सांगितलं. ती बाई नातेवाइकांना फोन केला की आधी ‘पेशंट बरा आहे’ म्हणते आणि मग कोण बोलतेय ते सांगते. नाहीतर हॉस्पिटलचा फोन म्हटल्यावर समोरच्याला पुढचं काही ऐकूच येत नाही.

ते ऐकलं आणि अंगावर सर्रकन काटा आला. नव्वदी ओलांडली तरी ती भीती जागची हललेली नाही... मला बनाक्का आठवली.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ. मेढ्याच्या पुढं डोंगरात आमचं गाव, आणि बऱ्याच घरांतला एखादा तरी माणूस पलटणीत. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, ब्रह्मदेशात लढत होते. जगाच्या नकाशात ते कुठं येतं हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, हे काम गावात बनाक्काचं. ती स्वतः विधवा, तिचा नवरा आधीच्या लढाईत गेलेला. हे काम तिला विचारून दिलं होतं का, म्हणाल तर... कोण विचारतंय!

लढाईवरून वाईट बातमी आली की पाटील आधी बनाक्काला बोलावून घेत. म्हणजे जिचा नवरा गेला तिच्याआधी हिला कळलेलं असे. ती कुणाच्या दारात थांबली की संपलंच.

पण तिलाही मीठ-मिरची लागतच होती की. म्हणून ती कुठल्याही आळीच्या तोंडाशी आली की आधी मोठ्यानं ओरडायची, “कुणी न्हाई गेलं गं बायांनो! मिठाला चाललीया!” मग बायका श्वास सोडायच्या. तरी हात मात्र पदराखाली घ्यायच्या, तिची नजर बांगड्यांवर पडू नये म्हणून.

मी नऊ-दहा वर्षांची होते. भीतीपोटी मी तिच्यावर सारखी नजर ठेवून असायचे. ती कुणाच्या दारात डोकवत नसे. आणि चालताना स्वतःचे हातही ती पदरात लपवायची... जसं काही तिलाच ते बघवत नव्हते.

आई म्हणायची, “माज्या हाताला ती लागायची न्हाई. तशी येळ आली तर माजी मी फोडीन.”

एका दुपारी आई सोप्यात नाचणी निवडत होती, मी शेजारी. बाहेर एकदम शांत झालं. बघितलं तर बनाक्का आळीतून येत होती... आणि ती ओरडली नव्हती.

आमच्या आळीतले चार जण लढाईवर होते. एकेक दार मागं पडत होतं. पुढं जा, पुढं जा, असं मी मनात म्हणत होते. पुढं जा म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जा, हे तेव्हा कुठं कळत होतं!

ती आमच्या दारात थांबली.

 आईनं सूप बाजूला सारलं आणि दोन्ही हात उंबऱ्यावर आपटले. हिरव्या काचा माझ्या परकरापर्यंत उडाल्या.

बनाक्का दोन्ही हातांनी ‘न्हाई, न्हाई’ करत खाली बसली. गळ्याला हात लावून कशीबशी पुटपुटली, “न्हाई गं... कुणी न्हाई गेलं. घसा बसलाय माजा. वाण्यापत्तुर चालवंना, गुळणीला चिमूटभर मीठ दे...”

आई आधी हसली, मग रडली, मग जी काय भडकली! “आवं, मग टाळी तरी वाजवायची!”

बनाक्का काचा वेचत होती. “सवाष्णीचं हात मोकळं झालं माज्यापायी,” एवढंच म्हणत होती. कासार बाजारच्या दिवशीच यायचा. तोवर आईचे हात असे कसे ठेवायचे? आईनं आत जाऊन दोरा हळदीत भिजवून आणला आणि मनगट बनाक्कापुढं धरलं. “बांधा.”

“मी? ह्या हातानं?”

“ह्याच हातानं. हेच बघून भ्याले न्हवं मी!”

आजवर फक्त फोडायचंच काम केलेले ते हात... त्यांनी मारलेली गाठ दोनदा सुटली. आईनं तिचा हात धरला आणि चमकून विचारलं, “आवं, आंग लय तापलंय. कवापासनं हाय ताप?”

त्यावर ती बाई जी रडायला लागली... आवाज नव्हता, नुसतेच खांदे हलत होते. गुळण्यांसाठी मीठ-पाण्याचा तांब्या घेऊन मी तिच्यापाशी जाऊन बसले. तरी भीती होतीच, खोटं कशाला बोलू?

आबा परत आले. लंगडत, पण आले. पुढं दोन वर्षांनी बनाक्का गेली. तिची बातमी आळीत सांगायची कुणी, हे कुणालाच कळेना. शेवटी आईच आळीच्या तोंडाशी गेली, टाळी वाजवली आणि ओरडली, “बायांनो, बनाक्का गेली गं!” बायका बाहेर आल्या. त्या दिवशी कुणाचाच हात पदराखाली नव्हता.

नातीनं विचारलं, “आजी, तिला कसं वाटतं हे तिला कुणी कधी विचारलं होतं?”

म्हटलं, एकदा. ताप कधीपासून आहे, एवढंच.

त्या सिस्टरपर्यंत ही पोस्ट पोचली तर... बाई, तुझे उपकार आहेत. पेशंट बरा आहे, कळलं. तू कशी आहेस?