खाटेचा नियम

माधवीताईंची कारकीर्द बारामतीच्या एका खासगी दवाखान्यात, जिन्याखालच्या टेबलावर सुरू झाली. सरकारी आरोग्य विम्याचे अर्ज भरून द्यायचे, एवढंच काम. बावडा गावाहून येणाऱ्या म्हाताऱ्या त्यांना 'योजनावाली बाई' म्हणत आणि अर्ज भरून झाला की दुखरा गुडघाही दाखवत. चौदा वर्षांत ताई जिल्ह्याच्या योजनेच्या प्रमुख झाल्या. पण नाव झालं ते खाटेच्या नियमानं.

इंदापूर तालुक्यातल्या एका दवाखान्यात त्या अचानक तपासणीला गेल्या होत्या. कागदावर अकरा रुग्ण, प्रत्यक्षात चार. उरलेल्या खाटांवर उशा आडव्या करून वर चादरी ओढलेल्या. ताईंनी एका उशीला गंभीरपणे नाव-गाव विचारलं. मग मुंबईच्या बैठकीत भांडून त्यांनी नियम करून घेतला: तपासणीच्या वेळी रुग्ण खाटेवर नसेल, तर उपचाराची मंजुरी रद्द. तेव्हापासून त्यांचा नवरा रविवारी उशिरापर्यंत लोळायचा आणि वर म्हणायचा, "बघून घे, मी खाटेवर आहे."

यंदा जानेवारीत ताईंच्या वडिलांच्या, म्हणजे कोऱ्हाळ्याच्या हिंदुराव आबांच्या, हृदयाची नळी तुंबली. बारामतीत दाखल केलं, मंजुरी आली, दोन दिवसांत स्टेंट बसवायचं ठरलं. डॉक्टरांनी बजावलं, अजिबात हलायचं नाही. नेमकी दुसऱ्या दिवशी त्याच दवाखान्याची तपासणी निघाली. ताई वॉर्डात शिरल्या तर आबांच्या खाटेवर नीट घडी घातलेली चादर.

"त्यांच्या उसाची तोड आली, मॅडम," नर्स म्हणाली. "टोळी शेतात उतरल्याचा फोन आला, आणि कुणाचं लक्ष नसताना गेले."

हाताखालचा तपासनीस मुबीन हळूच म्हणाला, "संडासला गेलेत असं लिहू का?"

"दोन तास?"

रद्दचा शेरा ताईंनी स्वतः लिहिला. मग बापाच्या काळजीनं आणि तेवढ्याच संतापानं त्यांनी मुबीनला गाडी कोऱ्हाळ्याकडे घ्यायला लावली.

शेतात हिंदुराव टोळीच्या मुकादमाशी हुज्जत घालत उभे होते. सलाईनची सुई अजून हातावर चिकटवलेली होती.

"आबा, तुमची मंजुरी रद्द झाली."

"कुनी केली?"

"मी."

"मग बरूबर हाय. खाटंवर न्हवतोच मी. पन तुज्या नियमात ऊस कुठं हाय ते सांग. पंधरा महिन्याचा उभा हाय. आज टोळी गेली तर परत कवा यायची?"

याच बांधावर वाढलेली पोर, आणि नियम करताना हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही, याची ताईंना मनापासून लाज वाटली. त्यांनी तिथूनच दोन दिवसांची रजा टाकली आणि पदर खोचला.

"मुबीनबरोबर गाडीत बसा. नवा अर्ज तो भरंल. हितं मी उभी राहते."

"तुला जमंल?"

"जमिनीलगत तोडून घ्यायचा, एवढंच ना?"

"आनि उसाच्या शेंड्याचं वाढं शेजारच्या दगडाबाईच्या म्हशीला. न्हाईतर मुकादम विकून खाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी मंजुरी आली आणि दुपारी आबांना स्टेंट बसवायला आत नेलं. जिल्ह्याच्या प्रमुख बांधावर उभ्या, दर दोन मिनिटांनी मोबाईल बघत. फोन वाजला तेव्हा शेवटची मोळी ट्रॉलीत चढत होती. मुबीनचा नंबर दिसला. ताईंना फोन उचलवेना; शेवटी कसाबसा कानाला लावला.

"वाढं कुनाला दिलं?" पलीकडून खोल गेलेला आवाज आला.

ताई बांधावरच बसल्या आणि ढसाढसा रडल्या. टोळीतल्या बायका कोयते खाली ठेवून बघत राहिल्या.

महिन्याभरानं मुंबईच्या बैठकीत ताईंनी अर्जात एक रकाना वाढवायला सांगितला: ऊस उभा आहे का, आणि रुग्ण दाखल असताना शेतात कोण थांबणार? हा वैद्यकीय प्रश्न आहे का, असं एका साहेबांनी विचारलं. आमच्याकडे हाच पहिला, असं ताईंनी सांगितलं.

रकाना मंजूर झाला. पहिला अर्ज हिंदुरावांच्याच मोतीबिंदूचा आला. शेतात कोण थांबणार, या प्रश्नापुढं त्यांनी लिहिलं होतं: जिल्हाप्रमुख.